जोडीतला दुसरा

"संजना, एक काम करा," आल्हाद सर म्हणाले. "गेटवर ती मुलं आलीयेत ना तुमच्याकडची, त्यांना सांगून टाका. सध्या नाही म्हणावं."

जेवण झालं होतं. टेबलावर कागदी प्लेटमध्ये द्राक्षं होती आणि सर एकेक मणी तोडून तोंडात टाकत होते. संजनाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "सर, आज त्यांची चाचणी घ्यायची होती ना?" तिने विचारलं. "घेऊन काय करायचं?" सर म्हणाले. "लोकल आहेत. प्लांट हेडना लोकल नकोयत." मग आवाज जरा खाली आणून, जणू तिच्यावर उपकार करावा तसे म्हणाले, "तुम्हीच सांगितलेलं बरं. तुमचं ऐकतील."

संजना केबिनबाहेर आली. एसीतून बाहेर पडताना हातांवरचा गारवा कोपरापर्यंत तसाच राहतो आणि पाठीवर मात्र ऊन बसतं, हे तिला रोजचं होतं. आज तिला ते नव्याने जाणवलं, जणू शरीराचे दोन तुकडे दोन ठिकाणी चाललेत. ऑफिसपासून गेटपर्यंत सरळ डांबरी वाट होती, दोन्ही बाजूंना कातरलेली मेंदी. लोकल. हा शब्द तिने या ऑफिसात शेकडो वेळा ऐकला होता, स्वतः टाइप केला होता, फोनवर उच्चारला होता. लोकल ट्रान्सपोर्ट, लोकल व्हेंडर, लोकल भाजी. तो शब्द कधी तिच्याकडे तोंड करून उभा राहिला नव्हता. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कंपनीत एचआरची असिस्टंट म्हणून ती बरीच वर्षं होती, आणि कंपनीच्या मागच्या भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे सुजातानगर, आणि सुजातानगरात विहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. सकाळी भोंगा झाला की आईला वेगळं घड्याळ बघावं लागत नसे. सरांना हे ठाऊक होतं. म्हणजे तो शब्द बोलताना त्यांच्या मनात ती आलीच नव्हती, किंवा आली होती आणि अपवाद म्हणून बाजूला सरकवली गेली होती. यातलं कुठलं जास्त टोचतंय ते तिला ठरवता येईना.

सगळ्यात विचित्र हे, की सुजातानगरातला वर्ग सुरू झाला तेव्हा फीत कापायला आल्हाद सरच आले होते. विहाराच्या सभागृहात इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग शिकवायचं, ही कल्पना संजनाची. कंपनीने भंगारात काढलेली चार पॅनेलं सरांच्या सहीने बाहेर आली. गंगापूर रोडचे दिवाकर सर, आयटीआयमधून निवृत्त झालेले, रोज स्कूटरवर येऊ लागले. विहार समितीचे धोंडीराम बाबा किल्ली घेऊन आधीच हजर असत. आणि सुमनबाईंच्या बचत गटाच्या बायकांनी घरोघरी जाऊन पोरापोरींना उठवून, समजावून, कुणाच्या बापाशी भांडून तिथे आणून बसवलं. उद्घाटनाला फोटो निघाले. सर म्हणाले होते, "असं समाजाने एकत्र आलं पाहिजे." तो फोटो कंपनीच्या रिसेप्शनमध्ये लावला होता. त्यात सुमनबाईंची पायल हातात वायर धरून कॅमेऱ्याकडे न बघता वायरीकडे बघत होती.

आणि तीच पायल आता गेटबाहेर, सिक्युरिटी केबिनच्या वीतभर सावलीत उभी होती. तिच्याबरोबर बंटी, आणि वर्गातली बाकीची. सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. बंटीने केसांना पाणी लावलं होतं आणि ते कधीच वाळून गेलं होतं. संजना येताना दिसली तसे सगळे सरळ झाले. तिला वडील आठवले. त्यांची कंपनी, याच वसाहतीतली, संपानंतर बंद पडली तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर कितीतरी दिवस वडील सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बंद गेटपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. आई रोज डबा भरून द्यायची. एकदा संजना त्यांच्याबरोबर गेली होती. कुलपाला हात लावून ते म्हणाले होते, "गंजायला लागलं बघ." बस, एवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तिला लहानपणीही तेच सहन झालं नव्हतं.

'जागा भरल्या' असं सांगणं सोपं होतं. तिने तोंड उघडलं तेव्हा तेच वाक्य जिभेवर होतं.

"ते तुम्हाला घेणार नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही जवळ राहता म्हणून."

कुणाला काही कळलंच नाही. मग पायल म्हणाली, "म्हणजे, काम येतं की नाही तेही बघणार नाहीत?"

"नाही."

"मग लांब राहायला जातो ना ताई," बंटी हसत म्हणाला. "नांदगावला मामा हाय माझा. तिकडून फॉर्म भरतो, चालंल?" कुणीतरी हसलं. पायल हसली नाही. तिने खांद्यावरची पर्स सारखी केली. "आईला काय सांगू?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रस्ता ओलांडला.

संजना आल्या पावली परत फिरली ती थेट केबिनमध्ये. पुढे काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. "सर, कारण सांगा," ती म्हणाली. "मला खरं कारण सांगा, म्हणजे मी घरी जाऊन तोंड दाखवू शकेन."

आल्हाद सर वाईट माणूस नव्हते; तसे असते तर काम सोपं झालं असतं. त्यांनी खुर्ची मागे ढकलली, चष्मा काढला. "खरं सांगू? मागे घेतली होती लोकल मुलं. कामाला चांगली होती. पण वस्तीत एक माणूस गेलं की सगळे गैरहजर. लग्न असलं की सगळे गैरहजर. बाहेरचा मुलगा खोलीवर एकटा असतो, त्याला जायचं कुठे? लाइन थांबली की मला पुण्याहून फोन येतो, संजना. तुम्हाला नाही येत."

ती उभीच होती. खोटं आहे, असं तिला म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. कारण वडील गेले तेव्हा सुजातानगरातून त्या दिवशी कुणीही कामावर गेलं नव्हतं. घराच्या ओट्यापासून विहारापर्यंत माणसं बसून होती. कुणी चहाची पातेली आणली, कुणी आईच्या पाठीवर हात ठेवून दुपारपर्यंत हललं नाही. धोंडीराम बाबांनी तिला, पोरगी असून, खांदा द्यायला पुढे बोलावलं होतं. त्या गर्दीने आईला धरून ठेवलं नसतं तर आई कोसळली असती. आणि तीच गर्दी इथे, या केबिनमध्ये, कंपनीचं नुकसान होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. सर वाट बघत होते, बहुधा तिने जावं याची.

"लाइन थांबणार नाही असं मी करून दाखवलं तर?" ती म्हणाली.

"कसं?"

"ते मला अजून माहीत नाही."

त्या संध्याकाळी सगळे सभागृहात पंख्याखाली जमले. दिवाकर सर भिंतीकडेच्या खुर्चीवर हातातला टेस्टर उघडझाप करत बसले होते. "मी त्यांना फोन करतो," ते म्हणाले. "माझे विद्यार्थी आहेत त्या कंपनीत, मोठ्या हुद्द्यावर."

"तुमच्या शब्दावर घेतील एकदा सर," सुमनबाई म्हणाल्या. "अन् पुढच्या वर्षी? मला माझी पोरगी कुणाच्या वशिल्यावर नाय पाठवायची." त्या पायलच्या आई; दिवसभर तीन घरी स्वयंपाक करून आल्या होत्या आणि बोलताना अजून उभ्याच होत्या. पायल पॅनेलसमोर जमिनीवर बसून एकाच वायरीचं टोक पुन्हा पुन्हा सोलत होती. संजनाने आल्हाद सरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, मयताचंही. सांगताना तिला वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत. धोंडीराम बाबा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले होते. ते हळूच हसले.

"खरं हाय त्याचं," ते म्हणाले. "आपल्यात माणूस गेलं की आपण समदे बसतो. बसावंच." मग म्हणाले, "जोड्या लावा. एका कामाला दोघं शिकवा. एक गेला नाय तर दुसरा जाईल. कंपनीला काय, हात पायजेत. हात आपण कमी पडू द्यायचे नाय. कुणाचे हात, ते आपलं आपण बघू."

"म्हणजे नोकरी एकाला आणि शिकायचं दोघांनी?" दिवाकर सर म्हणाले.

"आज एकाला. उद्या दुसऱ्याला मागू," बाबा म्हणाले. "अन् ज्याच्या घरी म्हातारं-कोतारं, पोरसोर आजारी, तिथं गटाच्या बायका बसतील. काय सुमन?"

"बसू की," सुमनबाई म्हणाल्या. आणि मग पहिल्यांदा खाली बसल्या.

आल्हाद सरांनी ऐकून घेतलं. भुवया उंचावल्या, कंत्राटाच्या कागदात हे कसं बसवायचं ते दोन-चार दिवस वकिलाशी बोलले, आणि शेवटी म्हणाले, जोडीतला पहिला घेतो, दुसऱ्याचा गेटपास करून ठेवतो, बघू दिवाळीपर्यंत. दिवाळी गेली. पायल लाइनवर उभी राहू लागली. तिचा जोडीदार बंटी. बंटी एरवी एका मोबाइलच्या दुकानात बसायचा आणि पायलला ताप आला, सुमनबाईंना डॉक्टरकडे न्यायचं झालं, की तिच्या जागी येऊन उभा राहायचा, वायरींच्या टोकांना तिच्याच मापाच्या फेरूल्स, तिच्याच पद्धतीने बांधलेल्या वायरी, इतक्या सारख्या की सुपरवायझरला फरक कळायचा नाही. हे बंटीला आवडायचं नाही. "मी म्हणजे तिची झेरॉक्स," तो म्हणायचा. संजना त्याला म्हणायची, थांब. हा शब्द आपण किती सहज वापरायला लागलोय, हे तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर बोचायचं. थांब, धीर धर, दाखवून देऊ. कुणाला दाखवून देऊ? बाहेरगावच्या मुलांना काही दाखवून द्यावं लागत नव्हतं. ती आजारी पडत, गावाला जात, परत येत, त्यांच्या जागी दुसरी येत, आणि कुणी त्यांच्या गावाचा हिशेब करत नव्हतं. पण सकाळ झाली की ती पुन्हा तोच दुपट्टा घेऊन निघायची. नाल्यावरच्या पुलावरून सुजातानगरची पोरं कंपनीच्या निळ्या शर्टात चालत जाताना दिसायची आणि तिचे पाय आपोआप झपझप पडायचे.

मग जानेवारीतल्या एका सकाळी धोंडीराम बाबा गेले. झोपेतच. गारठा इतका होता की नाल्यावर धुकं बसलं होतं. संजना पोचली तेव्हा फुलाबाई, त्यांची बायको, चुलीवर पाणी तापत ठेवलेल्या पातेल्याकडे बघत होत्या. ते पाणी बाबांच्या आंघोळीचं होतं. बाहेर गल्ली भरत होती. पहिली शिफ्ट सुरू व्हायला अजून वेळ होता आणि निळ्या शर्टातली सगळी पोरं, त्यांच्या जोड्यांतली दुसरी पोरं, विहाराच्या पायऱ्यांजवळ गोळा झाली होती. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सगळे संजनाकडे बघत होते.

अशा वेळी मनात काहीतरी मोठं येत असेल असं तिला वाटायचं. तिच्या मनात आलं ते एवढंच, की बाबांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि तो आता कुठे असेल.

"अर्ध्यांनी जायचं," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "ठरलंय तसं. जोडीतला एक इथे, एक तिथे."

"ताई, आज?" बंटी म्हणाला. "आज बी? तुम्ही कंपनीच्या का आमच्या?"

गल्लीतली दोन म्हातारी माणसं वळून बघायला लागली. तिला ओरडावंसं वाटलं, तिला त्याला मारावंसं वाटलं, तिला पायरीवर बसून रडावंसं वाटलं. यांतलं काहीच तिने केलं नाही. "मलाही जायचंय तिकडे, कामावर," ती म्हणाली. "मी स्वतः इथे थांबून तुम्हाला पाठवणार नाही."

पायलने खांद्यावरचा स्वेटर काढून आईकडे दिला. आत निळा शर्ट होता. "बंटी, तू खांदा दे," ती म्हणाली. "मला तसंबी पुढं जाता येणार नाय, गर्दी लय होईल. तू दे. माझ्या वाटचा बी दे."

बंटी तिच्याकडे बघत राहिला. त्याने तोंड फिरवलं. मग एकेक जोडी बाजूला जाऊन बोलू लागली. कुठे वाद झाला, कुठे झाला नाही. थोड्या वेळाने निम्मी पोरं पुलाकडे निघाली. संजना त्यांच्या मागे होती. विहारात त्रिसरण सुरू झालं होतं; पुलाच्या मध्यापर्यंत ते ऐकू येत होतं, मग भोंगा झाला. दिवसभर तिने ईमेलं केली, फोन घेतले, एका मुलाची ईएसआय विम्याची अडचण सोडवली. दुपारी ती मुद्दाम लाइनकडे गेली. काचेच्या पलीकडे पायल मान खाली घालून वायर खेचत होती, दातांत केबल टाय धरून. लाइन चालू होती. संजनाला अभिमान वाटायला हवा होता. तिला फक्त तहान लागली होती, आणि पाणी प्यायलं तरी ती जाईना.

संध्याकाळी ती फुलाबाईंकडे गेली. माती देऊन लोक परतले होते, ओट्यावर चपलांचा ढीग होता. फुलाबाई भिंतीशी बसल्या होत्या. संजना जवळ जाऊन बसली. त्यांनी तिचा हात हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि म्हणाल्या, "तू नव्हतीस."

त्यात काही आरोप नव्हता. होता तो फक्त शोध, जसं एखादी बाई सगळी माणसं मोजते आणि एक कमी भरतं. सांगण्यासारखं बरंच होतं, आणि ते सगळं बाबांनीच ठरवलेलं होतं, पण ते मेलेल्या माणसाच्या अंगावर ढकलणं तिला जमलं नाही. ती बसून राहिली. सुमनबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला, तो थंड झाला, त्यांनी तो नेला आणि गरम आणून ठेवला. परत जाताना गल्लीत तिच्या लक्षात आलं, की आपण हे पुन्हा करणार नाही. ते दुःखातून आलं नव्हतं. ते कुठलंसं गणित सुटल्यासारखं, थंड आणि स्वच्छ होतं. एकदा करून दाखवलं. आता दाखवायचं संपलं.

दुसऱ्या दिवशी आल्हाद सर स्वतः तिच्या टेबलापाशी आले. "काल पूर्ण लाइन चालली," ते म्हणाले. "प्लांट हेड खूश आहेत. मी म्हटलं होतं ना, जमेल तुम्हाला."

"सर, काल आमच्या वस्तीत माणूस गेलं," संजना म्हणाली.

सरांचा चेहरा बदलला. "अरे. मला कुणी... नात्यातले होते?"

"नाही."

"मग?"

सुट्टीच्या नियमात आई, वडील, नवरा, मुलं एवढीच माणसं होती. "त्यांच्या सभागृहात तुमची लाइन तयार झाली," ती म्हणाली. "फीत कापली तेव्हा तुमच्या शेजारी उभे होते ते. ज्यांनी त्यांच्या मांडीवर बसून जेवण केलंय, ती पोरं काल तुमच्याकडे वायर ओढत होती. मीही इथेच होते. हे एकदाच, सर. पुढच्या वेळी कुणी गेलं की ज्याला जायचं तो जाईल. लाइन थांबणार नाही, पण त्यासाठी जोडीतले दुसरेही आत घ्या. कायमचे. गेटपासवर नाही. दोघं आत असले तर पाळी आम्ही लावू आणि कुणाला विचारावं लागणार नाही."

"संजना, हे माझ्या हातात नाही."

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे आत्ता जाऊ. मी येते तुमच्याबरोबर."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना ती पहिल्यांदाच दिसत असावी, किंवा तिला तसं वाटलं. ती उठून उभी राहिली, दुपट्टा सारखा केला, आणि दाराशी जाऊन थांबली. त्यांना तिच्या मागून यावं लागलं.

सगळं मिळालं नाही. मार्चपर्यंत जोड्यांतले दुसरे निम्मे आत घेतले, उरलेल्यांना पावसाळ्यानंतर म्हणाले. वस्तीतल्या मयताला पाळीने सुट्टी, हे कागदावर आलं नाही, पण सुपरवायझरला तोंडी सांगितलं गेलं. पहिल्या दिवशी बंटी निळा शर्ट घालून पुलावरून गेला आणि गेटपाशी पोचल्यावर संजनाकडे वळून म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी जे बोललो ना..." "चल, उशीर होतोय," ती म्हणाली.

बाबा गेल्यापासून सभागृहातला वर्ग बंद होता. पॅनेलं भिंतीकडे सरकवून त्यांच्यावर सतरंजी टाकली होती. एका रविवारी संजना आणि पायल फुलाबाईंकडे बसल्या होत्या, तेव्हा त्या अचानक म्हणाल्या, "पोरांचं शिकणं का बंद केलं? संध्याकाळी आवाज नसतो. घर लय गप वाटतं."

"तुम्हाला त्रास नको म्हणून थांबलो होतो, माई," संजना म्हणाली. "उद्यापासून चालू करू."

"उद्या का?" फुलाबाई म्हणाल्या आणि उठल्या. दाराआडच्या खिळ्यावरून त्यांनी जुडगा काढला आणि स्वतःच पुढे चालू लागल्या. सभागृहात धुळीचा वास होता. पायलने सतरंजी ओढली. संजनाने पॅनेलच्या एका बाजूला हात घातले, पायलने दुसऱ्या, आणि ते जड लोखंड फरशीवरून कर्कश आवाज करत मधोमध येऊ लागलं. बाहेरून कुणीतरी विचारलं, काय चाललंय. दोन पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे अजून कुणी. फुलाबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बघत काय बसलात? हात लावा."